प्रिंटरच्या नावाची फाइल

मारलं-बिरलं नाही हो आई. हात उगारायचं सोडा, आवाजसुद्धा चढवला नाही त्याने कधी, तुम्हालाच माहीत आहे, तुमचाच मुलगा. बाई? नाही, दुसरी बाईही नाही. दारू नाही, संशय घेणं नाही. त्यातलं काहीच नाही, म्हणून तर कुणाला सांगता येत नाही. ताईला सांगायला गेले तर ती फोनवर म्हणाली, एवढंच? — आणि एवढंच आहे खरं. ती खुर्ची नको, तिचा पाय डगमगतो, इकडे या खिडकीपाशी. आत नाही नेता येत तुम्हाला, आत लोकांचे कम्प्युटर असतात, पोलिसांनी उचलून आणलेले, कोर्टाने पाठवलेले. ही खोली भेटायला येणाऱ्यांची. बहुतेक रिकामीच असते. आमच्याकडे कोण येणार भेटायला? बसा. सांगते मी, पण मध्येच 'चल घरी' म्हणायचं नाही, सगळं ऐकून घ्यायचं.

तुम्ही इतकी वर्षं औषधाचं दुकान चालवलंत ना — समजा बाटलीवर नाव बरोबर आहे, कंपनी बरोबर, तारीख बरोबर, आणि आत दुसरंच काहीतरी भरलंय. नुसतं बघून कळेल तुम्हाला? नाही कळणार. कम्प्युटरमधल्या फाइलींचं तसंच असतं. आमच्याकडे एखादा कम्प्युटर येतो तेव्हा त्यात लाखो फाइली असतात, आणि त्यातल्या बहुतेक त्या माणसाच्या नसतातच — घड्याळ दाखवणाऱ्या, अक्षरं उमटवणाऱ्या, गाणी वाजवणाऱ्या, कंपनीने आधीच भरून दिलेल्या. सगळ्या उघडून बघायच्या म्हटल्या तर जन्म जाईल. मग काय करतो आम्ही? प्रत्येक फाइलचा एक आकडा काढतो. हॅश म्हणतात त्याला. अख्खी फाइल, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एका गणितातून जाते आणि शेवटी एक लांबलचक आकडा बाहेर पडतो. तीच फाइल असेल तर जगात कुठेही तोच आकडा. आतलं एक टिंब इकडचं तिकडे झालं की आकडा अख्खा बदलतो, थोडाथोडका नाही. वरचं नाव बदला, त्याला काही फरक पडत नाही, नावाकडे तो बघतच नाही. आणि बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे असे आकडे कुणीकुणी गोळा करून ठेवलेले असतात. ते लावून बघायचे — जुळल्या त्या बाजूला, उरल्या त्या आपण डोळ्यांनी तपासायच्या. ओळखीच्या आणि अनोळखी, दोनच ढीग. ओळखीची म्हणजे चांगली असं मात्र नाही हं. ओळखीची म्हणजे ही काय चीज आहे ते आधीच ठाऊक आहे, एवढंच. कंटाळवाणं? नाही, मला आवडतं. आवडायचं. शांत काम आहे, कुणाशी बोलावं लागत नाही. त्या बाबतीत आम्ही दोघं सारखेच की, तो नकाशांमध्ये डोकं घालून, मी यात.

तर आमच्याकडे आकड्यांचा नवा संच आला. कामावर वापरायच्या आधी तो नीट चालतो का ते बघायला असा कम्प्युटर हवा असतो की ज्यात काय आहे ते आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणून मी घरचा लॅपटॉप घेतला. तोच, त्याने मला वाढदिवसाला दिलेला — त्यानेच सगळं बसवून दिलं होतं, मला म्हणाला होता तू फक्त उघड आणि लिही. तो बाहेर भाजी आणायला गेला होता. मी तो संच लावून दिला आणि कपड्यांच्या घड्या करत बसले. सगळं जुळलं. उरलं ते माझंच — फोटो, माझ्या बाबांच्या दवाखान्याचे कागद, ताईला लिहिलेली पत्रं — आणि एक फाइल, प्रिंटरच्या नावाची. प्रिंटरची फाइल ओळखीच्या ढिगात जायला हवी ना. मला वाटलं, नवीन असेल, संचात आली नसेल अजून, होतं असं. म्हणून प्रिंटरच्या कंपनीकडून तीच फाइल उतरवून घेतली. नाव तेच. आकार जवळजवळ तेवढाच. तारीखसुद्धा तीच. हॅश वेगळा. तो वरती आला, कोबी मिळाला नाही म्हणाला, मी म्हटलं असू दे.

दुसऱ्या दिवशी ती फाइल इथे आणली. आमच्याकडे एक कम्प्युटर असतो, कशालाही न जोडलेला, त्यात असल्या फाइली सोडून बघतात काय करतात ते. तिने काय केलं — आपण जे जे बटण दाबतो ते ते ती लिहून ठेवत होती. पाठवलेलं पत्र तर सोडाच, लिहून खोडलेलंसुद्धा. तुम्ही 'म' दाबलात आणि पुसलात, तरी तिच्याकडे 'म' आहे आणि पुसल्याची खूणही आहे. आणि रोज हे सगळं बांधून एका ईमेलच्या पत्त्यावर पाठवत होती. तो पत्ता तिच्या आतच होता. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला हाक मारणार होते — माझ्यापेक्षा जुनी आहे ती, तिला असलं काही सापडलं की आनंद होतो — तेवढ्यात पत्ता वाचला आणि गप्प बसले. पत्त्यात 'गप्पू' होतं. तुम्ही त्याला लहानपणी हाक मारायचात ते. कुणाला माहीत आहे ते नाव? तुम्हाला, मला, त्याला. असल्या फाइली तयार मिळतात हो, विकत, नाव कुठलं लावायचं तेवढं निवडायचं. त्याने प्रिंटर निवडला. मला आधी हेच वाटलं — की प्रिंटर कशाला, आपण छापतो तरी काय कधी?

राग? तोच तर येत नाही. मी वाट बघितली, येईल म्हणून. हातात काहीतरी लागायला हवं ना चिडायला. त्याने मला कधी विचारलं नाही की तू अमक्याला का लिहिलंस. काही अडवलं नाही, कुणाशी बोलू नको म्हणाला नाही. उलट — तुम्हाला आठवतंय ना, सुरुवातीला कसा होता? काही कळायचं नाही त्याला. मी रुसले तर घाबरून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. मला पोहायला आवडतं हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि मग हळूहळू शहाणाच झाला. मी ताईला लिहिलं की ऑफिसच्या खुर्चीने पाठ धरते, की आठवड्यात उशी हजर. त्याच्या त्या मोठ्याने हसणाऱ्या मित्राचा मला वैताग यायचा — त्याला एका शब्दाने बोलले नव्हते, ताईलाच लिहिलं — तर तो मित्र घरी यायचा बंद. निळे पडदे नकोसे झाले की हिरवे आले. पोहण्याच्या तलावाचं वर्षाचं कार्ड आणून उशाशी ठेवलं. माझ्या मैत्रिणी जळायच्या. म्हणायच्या, याला न सांगता कळतं. मीसुद्धा म्हणायचे, तुमच्यासमोरच म्हटलंय मी, आणि तुम्ही हसला होतात. आणि पोर गेलं तेव्हा — चौथ्या महिन्यात, तुम्ही होतातच — तेव्हा सगळे येऊन बोलत होते, देवाची इच्छा, पुन्हा होईल, वय आहे अजून. तो एकटा काही बोलला नाही. बाळासाठी आणलेलं ते लहान कपाट खोलीतून हलवलं. खिडकी उघडी ठेवायचा. लोक आले की दारातूनच परत पाठवायचा. मला बरोबर तेवढंच हवं होतं, आणि मी म्हणत होते, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

पाणी देऊ अजून? बरं.

मग मी काय करायला हवं होतं सांगा. त्याला विचारायचं, फाइल समोर ठेवायची, बॅग भरायची. कुणीही तेच करेल. मी नाही केलं. मी लॅपटॉप घरी नेला, फाइल होती तिथे तशीच राहू दिली, आणि ताईला पत्र लिहायला बसले. लिहिलं की मला लहानपणी पिवळी फुलं फार आवडायची, आता कुणी आणत नाही. मला पिवळं काहीच आवडत नाही, तुम्हाला माहीत आहे. दोन दिवसांनी जेवायच्या टेबलावर काचेच्या जगमध्ये पिवळी फुलं. हा एवढा गुच्छ. तो माझ्याकडे न बघता पाणी घालत होता त्यात. आणि ताईचा फोन — अगं तुला पिवळी फुलं कधीपासून आवडायला लागली? मी म्हटलं, अशीच लिहिली. खात्री झाली की नाही? झाली. मग तरी थांबावं की नाही? नाही थांबले.

हे मी ताईलाही नाही सांगितलेलं. मी लिहीतच राहिले, आई. ताईला म्हणून सुरू करायचे, पण पाठवायचेच नाही, लिहायचे आणि बंद करायचे. त्याच्यासाठीच लिहायला लागले. जे तोंडावर कधी बोलता आलं नसतं ते. की मला त्याच्या बाजूला बसायचं असतं पण तो टीव्ही लावतो. की जेवताना त्याने आधी सुरू करू नये. की बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत आणि मला तिथे एकटीला जाववत नाही. आणि तो टीव्ही बंद करायचा. जेवायला थांबायचा. बाबांकडे जायच्या दिवशी बूट घालून दारात उभा, म्हणाला, मलाही तिकडेच काम आहे. बाबांची नखं कापली त्याने, बाबांनी त्याला डॉक्टर समजून नमस्कार केला. परत येताना गाडीत आम्ही दोघंही काही बोललो नाही आणि मला इतकं बरं वाटत होतं — खरं सांगते, आमचं सगळ्यात चांगलं तेव्हा चाललं होतं. तेव्हा, सगळं माहीत असताना. कुणी ऐकलं तर म्हणेल वेड लागलंय हिला. लागलं असेल. पण मला असं वाटायला लागलं होतं की हीच आमची बोलायची पद्धत आहे. कुणी बोलून बोलतात, आम्ही असे. नुसतं कबूल करायचं राहिलंय, तेवढं झालं की झालं.

म्हणून मग एका दुपारी, सुट्टी होती, तो कामावर होता, मी लिहिलं. ताई वगैरे काही नाही, सरळ. 'तू वाचतोस हे मला माहीत आहे. मी रागावलेली नाही. येऊन बोल.' एवढंच. मग उठून केस धुतले. का धुतले कोण जाणे. जरा बरी साडी नेसले आणि बसून राहिले.

आला. चपला काढल्या, वॉशिंग मशीनमधले कपडे काढून वाळत घातले. भात टाकला. मी समोर बसले, की आता बोलेल, आता बोलेल. मला आधी वाढलं त्याने, तेवढंच. जेवलो. भांडी घासली त्याने. वाटलं, आज नाही जमत, उद्या बोलेल. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी लॅपटॉप पुन्हा लावून बघितला, आपली सवय. सगळं जुळलं. प्रिंटरच्या नावाची फाइल तिथेच होती, पण आता खरी होती, कंपनीची. हॅश बरोबर तोच. त्याने ती काढली होती, आणि रिकामी जागा दिसू नये म्हणून मूळची आणून ठेवली होती. मला, मला फसवायला — जिचं हे कामच आहे. मला हसूही आलं नाही.

आणि मग आई, त्यानंतर त्याला काही कळेनासं झालं. एकदम. मला ताप होता त्या दिवशी सिनेमाची तिकिटं घेऊन आला. तो मोठ्याने हसणारा मित्र परत यायला लागला. रोज विचारायचा, आज कसा गेला दिवस, मी म्हणायचे बरा, तो मान हलवायचा, आणि दोघांनाही पुढे जाता यायचं नाही. पुढे काय म्हणतात तेच माहीत नाही ना. बाबांना भेटायला मी एकटी जायला लागले, त्याला दिवस लक्षात राहत नव्हता, आणि माझ्या तोंडून चल म्हणून निघत नव्हतं. घरात एक अनोळखी माणूस आणि मी. चांगला माणूस. मी वाट बघितली, खूप. एक वाक्य बोलला असता, 'चुकलो' नको, 'वाचलं' एवढंच म्हणाला असता, तरी मी राहिले असते. म्हणजे — असं मला तेव्हा वाटत होतं. आता काय वाटतं ते विचारू नका.

निघायचं ठरवलं तेव्हा मीच विचारलं त्याला, बॅग दारात ठेवून. म्हटलं, 'तुला मला काही विचारायचंय?'

त्याने बॅगेची चेन नीट ओढून लावली. मग म्हणाला, 'तुला काय हवंय ते सांग. मी करतो.'

त्याने बॅग खाली आणून दिली, टॅक्सीत ठेवली, दार हळू लावलं. कपडे धुण्याच्या दुकानावर खोली आहे माझी, खालून सारखी वाफ येते, उबदार असते. संध्याकाळी जाते, बसते. काय खायचं ते सुचत नाही. पडदा कुठल्या रंगाचा लावू ते सुचत नाही, लावलाच नाहीये. रडत नाही हो, रडू येत नाही मला, तुम्ही काळजी करू नका. बधिर झालेल्या पायासारखं आहे, आपलाच असतो पण टेकवला तरी कळत नाही.

हे असं आहे. आता तुम्ही बोला. तुम्ही मघापासून काही विचारलंच नाहीत, मला वाटलं होतं मध्येच म्हणाल की हे कसं शक्य आहे, माझा मुलगा असं करणार नाही. बरं वाटलं तुम्ही ऐकून घेतलंत ते.

हो, माहीत आहे तुमचा जीव आहे माझ्यावर.

नाही, मी कुठे म्हणते तुम्ही मनात ठेवलंत म्हणून.

— काय म्हणालात? नाही, ते नाही, त्याच्या आधीचं. पोर गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, तरी तुम्ही मनात ठेवलं नाहीत — असंच म्हणालात ना?

आई, हे मी कुणाला बोललेले नाही. त्याला नाही. ताईला लिहायला घेतलं होतं, एक ओळ लिहिली, घाबरले, आणि पुसली. पत्र गेलं त्यात ती ओळ नव्हती.

त्याने सांगितलं. कधी? तेव्हाच? म्हणजे तुम्ही येऊन राहिलात, माझे केस विंचरून द्यायचात, तेव्हा —

फोनवर वाचून दाखवायचा. बरं. आणि विचारायचा, आता काय करू. हो, त्याला कुठे कळायचं. लहानपणापासून तुम्हालाच विचारतो. मग ती खिडकी तुम्ही सांगितलीत उघडायला? आणि कपाट? माणसं परत पाठवायची तेही. नाही, बरोबर होतं, सगळं बरोबर केलंत, मला तेच हवं होतं.

नेहमी वाचून दाखवायचा का? सगळं नाही, अडलं तरच. बरं. उशी, पडदे — नाही, ते राहू द्या. एक सांगा फक्त. शेवटी मी ते लिहीत होते, ताईला न पाठवता. बाबांचं वगैरे. बूट घालून उभा राहिला तो. मलाही तिकडेच काम आहे असं म्हण, हे तुम्हीच —

हो का.

आणि 'येऊन बोल' लिहिलं ते? तेही तुम्हाला दाखवलं. मग तुम्ही काय म्हणालात त्याला? गप्प राहा, काढून टाक, आपोआप निवळेल.

नाही, हात नका धरू. राग नाही आलेला, खरंच नाही आलेला. डोळे पुसा, इथून लोक जातात-येतात. लिफ्ट डावीकडे आहे, खाली दारावरचा माणूस टॅक्सी बोलावून देईल. मला आत जायचंय, एक कम्प्युटर लावून आलेय, बघायला हवा. चला. उठा, आई. उठा.